माळवदातलं लेट्यूस: बंद खोलीतल्या हवेचं एक प्रकरण

खुलताबाद तालुक्यातल्या एका गावात जुन्या माळवदाच्या घरातली एक खोली रिकामी पडून होती. पूर्वी तिथं ज्वारीची पोती रचलेली असायची. घरातला धाकटा मुलगा आणि त्याची बायको (पुढं त्यांना दादा आणि ताई म्हणते) शहरातली नोकरी सोडून गावी परतले आणि त्यांनी या खोलीत दिव्यांच्या उजेडावर, मातीविना लेट्यूस आणि बेसिल, म्हणजे इटालियन तुळस, घ्यायला सुरुवात केली. छत्रपती संभाजीनगरमधली आणि वेरूळ रस्त्यावरची काही हॉटेलं ठरलेलं गिऱ्हाईक होती. फेब्रुवारीतला पहिला माल देखणा निघाला. ऑगस्ट उजाडेपर्यंत मात्र बेसिल जवळजवळ सगळं उपटून टाकावं लागलं होतं आणि लेट्यूसचे गड्डे हॉटेलवाले परत पाठवत होते.

मला बोलावणं आलं ते ‘कोणतं औषध मारू?’ या प्रश्नासह. बंदिस्त जागेत शेती करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. या खोलीतलं दुखणं हवेचं होतं, आणि ते औषधानं बरं होणार नव्हतं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की मराठवाड्यात आता अशा खोल्या वाढताहेत. त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा थंड देशांतल्या जागांसाठीचा असतो, नाहीतर ‘एसी बसवा’ एवढ्यावर थांबतो.

खोली

लांबी १८ फूट, रुंदी १२ फूट, उंची ९ फूट. म्हणजे आत साधारण ५५ घनमीटर हवा. भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट जाड. वर सागवानी तुळया, त्यावर किलचणं आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. एक दार, उत्तरेला एक लहान खिडकी, आणि छताच्या मधोमध दीड फूट चौकोनी सवणं, म्हणजे हवा-उजेडासाठी ठेवलेलं भोक. आत तीन मजल्यांचे चार रॅक, मिळून सुमारे ९ चौरस मीटर लागवड. एलईडी दिवे एकूण १५०० वॅटचे, सकाळी ६ ते रात्री १० चालू.

फेब्रुवारीत दार दिवसभर उघडंच असायचं आणि सवणंही मोकळं होतं. मार्चअखेर ऊन तापलं, पानं दुपारी माना टाकू लागली, तेव्हा दोघांनी खोली ‘व्यवस्थित’ करून घेतली. भिंतींना आतून चंदेरी कागद, छताला थर्माकोल, खिडकी बंद, सवण्यावर थर्माकोल आणि त्यावर प्लास्टिक. दीड टनाचा स्प्लिट एसी लावला. दारावर स्वयंपाकघरात लावतात तसला सहा इंची एक्झॉस्ट बसवला, पण एसीची थंड हवा वाया जाऊ नये म्हणून तो क्वचितच चालू केला जाई.

ताईंचे सासरे तेव्हाच म्हणाले होते, “सवणं बुजवू नका बाई, खोली घुसमटंल.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. नुसतं सवणं उघडं ठेवून ही खोली चालली नसती. त्याचं कारण पुढं येईल.

एप्रिल-मे एसीवर निभावले. बिल मोठं आलं, पण पीक उभं राहिलं. बाहेरची हवा इतकी कोरडी होती की दाराच्या फटीतून शिरणाऱ्या थोड्याशा हवेनंही आतली वाफ उतरत होती. खोलीतली खोट त्या कोरडेपणाखाली झाकली गेली. पाऊस सुरू झाला आणि ती उघडी पडली.

काय दिसत होतं

बेसिलच्या पानांवर शिरांच्या मधे पिवळे पट्टे होते. पान उलटलं की खाली करडी-जांभळी लव. द्राक्षवाल्याला ही लव लगेच ओळखू येते: केवडा. बेसिलवरच्या केवड्याची बुरशी वेगळी, मुख्यतः त्याच्यावर येणारी, पण वागणं तेच.

लेट्यूसचं दुखणं निराळं होतं. बाहेरची पानं टवटवीत आणि गड्ड्याच्या आतली कोवळी पानं कडेनं तपकिरी, पुढे काळी. याला टिपबर्न म्हणतात. कोवळ्या पानाला कॅल्शियम पुरलं नाही की पेशींची भिंत कच्ची राहते आणि कडा करपतात. ताईंनी हे वाचलं होतं, म्हणून त्यांनी खतपाण्याच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट वाढवलं. करपणं वाढलं. पुन्हा वाढवलं. टाकीचा ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, चढत गेला आणि मुळांना पाणी उचलणं आणखी जड झालं.

टाकीत कॅल्शियम कमी नव्हतंच. ते पानापर्यंत पोचत नव्हतं. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं, आणि ती ओढ पानातून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनानं निर्माण होते. ज्या पानातून वाफ बाहेर पडते तिकडे कॅल्शियम जातं. गड्ड्याच्या आतलं पान चारी बाजूंनी झाकलेलं. भोवतीची हवा थिजलेली आणि वाफेनं गच्च असेल तर त्यातून वाफ निघणार कशी? खत कितीही ओतलं तरी त्या पानाच्या वाट्याला काही येत नाही. जपानमधल्या गोटो आणि ताकाकुरा या संशोधकांनी १९९२ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: लेट्यूसच्या आतल्या पानांना हवेचा झोत दिला की टिपबर्न टळतो. पोषणद्रव्यात बदल करायची गरज पडली नव्हती.

तिसरी गोष्ट त्या दोघांच्या लक्षात आली नव्हती. रोपं फेब्रुवारीपेक्षा हळू वाढत होती आणि देठ लांबट, लेचेपेचे होते. दिवे तेच, खत तेच, बी तेच.

मोजमाप

आधी तापमान आणि आर्द्रता. भिंतीवर दाराजवळ टांगलेला मापक २५ अंश आणि ७० टक्के दाखवत होता, त्यामुळे दोघं निर्धास्त होते. तो काढून मधल्या रॅकवर, पानांच्या उंचीला, दिव्याचा उजेड थेट पडणार नाही असा ठेवला. दिवे चालू असताना २६ अंश आणि ७८ टक्के. रात्री १० ला दिवे बंद झाले आणि अर्ध्या तासात आकडा ९५ च्या पुढे गेला, तो सकाळपर्यंत खाली आला नाही. पहाटे २२ अंश. चंदेरी कागदावरून पाण्याचे ओघळ, आणि बॅटरीच्या उजेडात पानापानावर थेंब.

हे का होतं ते एकदा आकड्यांत पाहून घ्यावं, कारण अशा बहुतेक खोल्या इथंच मार खातात. २६ अंशांच्या हवेत ७८ टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटरमागे १९ ग्रॅम वाफ. २२ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त मावते १९.४ ग्रॅम. म्हणजे एक थेंबही पाणी न वाढवता, केवळ दिवे मालवल्यानं खोली दवबिंदूच्या उंबऱ्यावर येते. त्यात झाडं अंधारातही थोडी वाफ सोडत राहतात आणि ट्रे ओले असतात. पानांवर पाणी साचणारच.

मग मी टाकीचा हिशेब विचारला. रोज किती पाणी भरावं लागतं? ताई म्हणाल्या, “अठरा लिटरच्या आसपास.” मुळांनी उचललेल्या पाण्यातलं ९७ ते ९९ टक्के पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडतं. ५५ घनमीटरच्या त्या खोलीत २२ अंशांना सगळं मिळून जेमतेम १ लिटर पाणी वाफेच्या रूपात मावतं, आणि झाडं रोज त्यात सतरा-अठरा लिटर ओतत होती. ते कुठंतरी जायला हवं. माझ्या मते बंदिस्त शेतीतलं सगळ्यात उपयोगी मोजमाप हेच आहे, आणि त्याला कसलंही यंत्र लागत नाही.

एसी ते पाणी काढत नव्हता का? काढत होता, पण अर्धवेळ. त्याच्या नळीखाली बादली ठेवली. दिवसा बादलीत पाणी जमलं, रात्री १० नंतर जवळजवळ नाही. एसी तापमानावर चालतो, आर्द्रतेवर नाही. दिवे बंद झाले, खोली आपोआप थंड झाली, कॉम्प्रेसर थांबला, आणि नेमक्या गरजेच्या वेळी पाणी काढणं बंद पडलं. दीड टनाच्या एसीची थंड करण्याची ताकद सव्वापाच किलोवॅटच्या आसपास असते. इथं दिव्यांची उष्णता दीड किलोवॅट आणि भिंती अडीच फूट जाड. एसी गरजेपेक्षा मोठा असल्यानं दिवसाही तो काही मिनिटांत खोली थंड करून थांबायचा. हवा वाळायला कॉम्प्रेसर सलग चालावा लागतो. मोठा एसी घेतला की आर्द्रता जास्त उतरते ही समजूत पक्की उलटी आहे.

आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. आतलीच फिरवतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजला. बाहेरच्या हवेत आज तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आहे. माणसं आत असली की श्वासानं आकडा फुगतो, त्यामुळे मीटर आत ठेवून सगळे बाहेर थांबलो आणि नोंद नंतर पाहिली. दार लावल्यापासून दोन तासांत तो २५० च्या खाली आला होता. झाडं उपाशी होती. दिव्याच्या प्रत्येक युनिटचे पैसे मोजले जात होते आणि त्या उजेडाचं अन्न करायला लागणारा वायूच खोलीत उरला नव्हता. वाढ मंदावण्याचं कारण हे.

औषधाबद्दल इथंच सांगते. माझ्या आधी दोनदा बुरशीनाशक फवारून झालं होतं. लेट्यूस आणि बेसिल कच्चं खाल्लं जातं. फवारणी आणि काढणी यांत जेवढे दिवस जायला हवेत, तेवढे पालेभाजीच्या फेऱ्यात बसत नाहीत. बंद खोलीत ऊन नाही, पाऊस नाही. औषध पानावर आणि हवेत रेंगाळतं आणि तिथं रोज काम करणाऱ्या बाईच्या छातीत जातं. ज्या पिकासाठी लेबलावर शिफारस नाही ते औषध त्या पिकावर मारूच नये. ती सगळी फवारणी मी पहिल्याच भेटीत थांबवायला लावली आणि फवारलेला माल हॉटेलला जाऊ दिला नाही. दादांना ते जड गेलं, पण त्यांनी ऐकलं.

दोन वेगळी कामं

हवा बदलणं आणि हवा हलवणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. आतली हवा बाहेर टाकून बाहेरची आत घेणं हे एक काम. पानांच्या मधली हवा हलती ठेवणं हे दुसरं. नुसता एक्झॉस्ट लावला तर खोलीची हवा बदलते, पण पानाला चिकटून बसलेला ओलसर हवेचा पातळ थर हलत नाही. नुसते पंखे लावले तर पानं डोलतात, पण तीच ओली, उपाशी हवा गोल फिरत राहते. या खोलीत दोन्ही बंद होती.

आता बदलायची हवा किती? त्यामागं तीन कारणं आहेत आणि प्रत्येकाचं माप निराळं. उष्णतेचा हिशेब सोपा: दिव्यांचे वॅट गुणिले ३, भागिले आत-बाहेरच्या तापमानातला जेवढा फरक चालेल तेवढे अंश. उत्तर घनमीटर प्रति तास. १५०० वॅट आणि ४ अंश फरक धरला तर ११०० च्या थोडं वर. पंख्याच्या पाकिटावर सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट, असेल तर त्याला १.७ नं गुणायचं म्हणजे घनमीटर मिळतात. झाडं बाष्पोत्सर्जनात यातली बरीच उष्णता, इथं जवळपास निम्मी, शोषून घेतात. म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावा.

कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र एवढी हवा लागत नाही. ९ चौरस मीटर पालेभाजीला तासाला दोनशे घनमीटर पुरतात. म्हणजे तो सहा इंची एक्झॉस्ट दिवे चालू असताना नुसता चालू ठेवला असता, तरी झाडांची उपासमार टळली असती.

वाफेचं माप मोसमावर अवलंबून आहे आणि मराठवाड्यात ते टोकाचं बदलतं. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांच्या कोरड्या हवेत घनमीटरमागे सहा-सात ग्रॅम वाफ असते. ती आत घेऊन २४ अंशांना तापली की प्रत्येक घनमीटर आठेक ग्रॅम पाणी उचलून बाहेर जातो. तेव्हा तासाला दीडशे घनमीटर पुष्कळ झाले. ऑगस्टच्या रात्री बाहेर २३ अंश आणि ९० टक्के. घनमीटरमागे साडेअठरा ग्रॅम आधीच भरलेली. ती हवा पाणी उचलणार तरी किती?

इथं बहुतेक जण खिडकी लावून घेतात. बाहेर पाऊस पडतोय, ओली हवा आत कशाला घ्यायची? पण तीच हवा दिव्यांच्या उष्णतेनं २७ अंशांवर गेली की तिची आर्द्रता ७२ टक्क्यांवर येते. झाडांनी सोडलेली वाफ धरूनही ती ८० च्या आत राहू शकते. अट एकच: खोली बाहेरपेक्षा तीन-चार अंश गरम राहिली पाहिजे. हवा फार जोरात बदलली तर ती तापायच्या आत निघून जाते आणि खोली बाहेरइतकीच दमट होते. फार कमी बदलली तर झाडांची वाफ साचते. पावसाळ्यात पंखा पूर्ण वेगानं चालवणं म्हणूनच चूक आहे, रेग्युलेटर हवाच.

बदल

सगळ्यात मोठा बदल फुकट होता: दिव्यांची वेळ. सकाळी ६ ते रात्री १० ऐवजी संध्याकाळी ६ ते सकाळी १०. बाहेर सगळ्यात गार आणि दमट असते त्या वेळी दिव्यांची उष्णता खोलीत असते, आणि अंधाराचे आठ तास दिवसाच्या उबदार भागात येतात. पहाटेचा दव त्यानंच थांबला. उन्हाळ्यात फायदा आणखी मोठा, कारण दुपारी ४१ अंश असताना १५०० वॅटची शेगडी आत पेटवायची गरजच राहत नाही. ताईंना काम रात्री करावं लागेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात सहा ते दहा या सकाळच्या वेळात काढणी, लावणी सगळं उरकतं आणि माल ताजा गाडीवर चढतो.

केवड्यासाठी अंधार आणि संपृक्त हवा दोन्ही एकत्र लागतात. बेसिलवरची ही बुरशी अंधारातच बीजाणू धरते. इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठात यिगाल कोहेन यांच्या गटानं २०१६ मध्ये असंही दाखवून दिलं की रात्रभर पंख्यानं पानं कोरडी ठेवली तर बेसिलचा केवडा दबतो. म्हणजे अंधाराच्या आठ तासांत खोली दमट राहू द्यायची नाही आणि पंखे बंद करायचे नाहीत. दिवे बंद केले की पंखेही बंद करायची सवय मोडायला वेळ लागला.

सवणं उघडलं. त्यात बारा इंची एक्झॉस्ट बसवला, वर कोपरा देऊन वाकवलेली पत्र्याची टोपी, आतून काळा रंग. पाऊसही येत नाही आणि दुपारचा उजेडही नाही. पंख्याचा पाकिटावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, टोपी, वळण यांत पाव ते एक-तृतीयांश जातो, म्हणून ११०० हवे असतील तर १५०० चा घ्यावा. सवण्याची जागा उत्तम होती, कारण गरम ओली हवा वर जमते आणि वीज गेली तरी थोडीफार आपोआप निघून जाते. पण मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते. तेव्हा नुसत्या सवण्यातून हवा वर जायला कारणच उरत नाही. सासऱ्यांच्या बोलण्यातला उरलेला अर्धा भाग तो हा. पोती ठेवायच्या खोलीला सवणं पुरत होतं. दीड किलोवॅटचे दिवे आणि रोज अठरा लिटर वाफ असलेल्या खोलीला पंखा लागतो.

हवा बाहेर काढायची सोय सगळे करतात आणि आत यायची वाट विसरतात. उत्तरेची खिडकी २ बाय दीड फूट, म्हणजे ३ चौरस फूट. जाळी नसती तर तेवढी चालली असती. पण पांढरी माशी आणि फुलकिडे रोखायचे तर ५० मेशची, म्हणजे इंचात ५० भोकांची, जाळी हवी, आणि ती निम्म्याहून अधिक वाट अडवते. मोठ्या पंख्यापुढं अशी खिडकी म्हणजे पंखा नुसता घरघरणार आणि हवा दाराखालच्या फटीतून, धुळीसकट, ओढणार. उपाय साधा: गावच्या सुतारानं खिडकीबाहेर लाकडी चौकटीची पेटी काढली आणि तिच्या सगळ्या मोकळ्या बाजूंना जाळी ठोकली. खिडकी तेवढीच राहिली, जाळीचं क्षेत्र तिपटीनं वाढलं. ही जाळी दर पंधरवड्याला धुवावी लागते. शेजारी तूर किंवा सोयाबीनचं मळणीयंत्र चालू असेल तर त्याच संध्याकाळी.

आतल्या हालचालीसाठी प्रत्येक मजल्यावर दिव्यांच्या पट्टीला संगणकात असतात तसले १२ व्होल्टचे छोटे पंखे उलटे बांधले, हवा खाली गड्ड्यावर पडेल असे. पान जागच्या जागी थरथरावं, लवू नये, एवढाच वारा. सेकंदाला अर्धा मीटर पुरे. सगळे मिळून पन्नास वॅटही खात नाहीत, त्यामुळे ते थेट बॅटरीवर टाकले. वीज गेली तरी चालू राहतात. त्याआधी दादांनी एका कोपऱ्यात मोठा टेबलफॅन लावून पाहिला होता. समोरच्या ट्रेची पानं कडेनं वाळली आणि मागच्या रॅकपर्यंत काही पोचलंच नाही. रॅक भिंतीपासून फूटभर पुढं ओढले. मग उदबत्ती घेऊन सगळी खोली फिरलो. जिथं धूर सरळ वर चढत राहतो तिथं हवा मेलेली. दक्षिणेच्या भिंतीलगत खालच्या मजल्यावर तसं सापडलं, तिथं भिंतीवर एक लहान पंखा वाढवला.

बेसिलचे ट्रे धुवून नवं बी घेतलं, कारण हा केवडा बियांतूनही येतो. रोपांतलं अंतर वाढवलं. टाकी रिकामी करून कॅल्शियम मूळ मापावर आणलं. भिंतीवरचा चंदेरी कागद ठेवला, पण खालून वीतभर कापला, म्हणजे मातीच्या भिंतीचा ओलावा मागं कोंडत नाही.

पुढचं वर्ष

सप्टेंबरात पावसाची झड असताना दिवे चालू असलेल्या वेळात आत ७८ ते ८० टक्के आणि अंधारात ८२ च्या आसपास आर्द्रता राहिली. आकडा काही आदर्श नाही. पण पानं कोरडी राहिली आणि केवडा दोन ट्रेंपलीकडं गेला नाही. ते ट्रे त्याच दिवशी पिशवीत बांधून बाहेर काढले. कार्बन डायऑक्साइड ३८० च्या खाली उतरला नाही. नुसत्या ताज्या हवेनं लेट्यूसच्या वाढीत पडलेला फरक दोघांना पहिल्या काढणीलाच दिसला.

हिवाळा सगळ्यात सोपा गेला. रेग्युलेटर अगदी कमीवर. जास्त हवा घेतली तर खोली फार गार होते आणि बेसिलची पानं काळवंडतात, एवढीच काळजी.

उन्हाळ्यासाठी एसीऐवजी डेझर्ट कूलर खिडकीबाहेर बसवला आणि इथं मराठवाड्याची हवा कामी आली. ४१ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या जाळीतून चांगल्या कूलरनं २६ अंशांपर्यंत उतरते. तोच कूलर जुलैत, २९ अंश आणि ८० टक्क्यांना, दोनेक अंशच कमी करतो आणि वर आर्द्रता वाढवतो, म्हणून मृगाचा पाऊस पडला की तो काढून ठेवायचा. पण मे महिन्यात प्रश्न पाण्याचा. या खोलीएवढ्या हवेला भर दुपारी ताशी सात-आठ लिटर लागतात. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात लेट्यूसला गार ठेवायला रोज शंभर लिटर उडवणं मला पटत नाही, आणि त्या घरालाही पटलं नाही. दिवे रात्री असल्यानं कूलरही रात्रीच चालवला. बाहेर २७ अंश असताना ताशी तीन-साडेतीन लिटरमध्ये भागतं. शिवाय मे महिन्यात लेट्यूस निम्मं केलं आणि उष्णता सोसणारं बेसिल वाढवलं. हॉटेलांना आधी सांगितलं की तक्रार येत नाही.

ऑक्टोबरचं ऊन मात्र अजून पूर्ण आटोक्यात नाही. दिवस तापतात, बाहेरची हवा अजून दमट असते, कूलरचा उपयोग होत नाही. मोकळ्या पानांचं लेट्यूस या दिवसांत चांगलं येतं, पण रोमेन या उभट गड्ड्याच्या लेट्यूसमध्ये आतली पानं अजून करपतात. दिवे सोळाऐवजी चौदा तास ठेवून वाढीचा वेग कमी करायचं ठरलं आहे, कारण पान जितकं भराभर वाढतं तितकं कॅल्शियम मागं पडतं. नाहीच जमलं तर ऑक्टोबरात रोमेन घ्यायचं नाही.

शेजारची दुसरी खोली आता त्यांना घ्यायची आहे. ती पूर्वेला आहे आणि तिची एकमेव खिडकी पहिल्या खोलीच्या सवण्याच्या अगदी जवळ उघडते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पहिल्या खोलीतून फेकलेली ओली हवा आणि तिच्याबरोबरचे बीजाणू थेट दुसऱ्या खोलीत जातील. ती खिडकी बुजवून हवा आत घ्यायची वाट दक्षिणेच्या भिंतीत पाडायला सांगितलं आहे. अडीच फुटी दगडी भिंत फोडायची तर वरची तुळई आधी टेकूवर घ्यावी लागेल. गवंड्याला दिवाळीनंतरची वेळ आहे. तोवर आत एकही रॅक लावू नका, असं मी दोघांना लिहून दिलं आहे.